बांधावरचा ऐन

मी एका वाक्यात खोटं लिहिलं आणि त्या वाक्याच्या जोरावर विमानात बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली कित्येक वर्षं लोक माझी ओळख करून देताना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतात. 'आपल्या तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. पदवी घेतली आणि नोकरीमागे न लागता दोन वर्षं आफ्रिकेत सेवा करून आला.' मग टाळ्या होतात. मी उभा राहून हात जोडतो. टाळ्या थांबेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे आफ्रिका नसते. मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या पलीकडे, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावरचं ऐनाचं झाड असतं, आणि त्यावर चढलेला गोमादादा.

आमचं घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. थंडी पडली की आमच्या घरात एक आवाज सुरू व्हायचा, तो मला अजून झोपेतही ओळखता येईल: बाबा ओटीवर बसून कोयता दगडावर घासत. आई चुलीपाशी तांदळाची भाकर थापायची, तिचा थपथप आवाज आणि बाबांचा खसखस आवाज, दोन्ही एका लयीत. मग बाबा कमरेला कोयता अडकवून बांधावरच्या झाडांवर चढायचे. वरच्या फांद्या छाटायच्या, शेंडा तेवढा ठेवायचा, म्हणजे झाड मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. खाली पडलेले टहाळे मी ओढत आणायचो. ते वाळले की होळीनंतर, जिथे भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, टहाळे, गवत आणि वर बारीक माती असे थर द्यायचे आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. याला राब भाजणं म्हणतात. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, आणि राखेवर पेरलेलं भात तरारून वर येतं. राब भाजला नाही तर पावसात तणामध्ये रोप शोधत बसावं लागतं. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही पोराला हे कळायला शाळा लागत नाही. मलाही लागली नव्हती. म्हणूनच पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं असं मला कधी म्हणता आलं नाही.

कॉलेज शहापूरला. तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी मला माझ्या सदऱ्याचा वास येऊ लागला. तो आधीही असणार, पण घरात सगळ्यांच्याच कपड्यांना तो होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा नाक धरून म्हणाला, "काय रे, चुलीतून उठून आलास काय?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी राबाच्या दिवसांत शेतावर जायचं टाळू लागलो. अभ्यास आहे म्हणायचो. आणि खरोखरच अभ्यास करायचो. आम्हाला पर्यावरण शिकवणारे सर होते. ते फार चांगलं शिकवत, हेही कबूल केलं पाहिजे. जंगल, पाऊस, माती यांबद्दल ते बोलू लागले की वर्गातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटे. त्यांना माझं अक्षर आवडलं, भाषा आवडली. 'तू लिहीत जा,' म्हणाले. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्या हातांबद्दल चांगलं बोललं होतं, आणि तेही त्या हातात पेन होतं म्हणून. मी त्या माणसासाठी काहीही केलं असतं. केलंही.

शेवटच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर त्या पाड्यावर होतं. आठवडाभर मुक्काम शाळेत, काम शोषखड्ड्यांचं आणि ओढ्यावर मातीच्या गोण्यांचा बंधारा घालायचं. मी शिबिराचा प्रमुख, आणि अहवाल लिहिणाराही मीच. गळ्यात कॉलेजचा कॅमेरा. जेवायला आम्ही दोघे-दोघे घरोघरी वाटून दिलेले होतो. माझ्याबरोबरचा मुलगा दुसऱ्याच दिवशी तापाने घरी गेला, म्हणून गोमादादाच्या घरी मी एकटाच जेवायचो. गोमादादा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सडसडीत, बोलायला तिखट. त्याची बायको हिरावैनी, आणि तिसरीतली मुलगी सांगी. घर कुडाचं, सारवलेलं, इतकं स्वच्छ की चपला दाराबाहेर काढतानाही त्या पुसाव्यात असं वाटे. नाचणीची भाकर, वालाच्या दाण्यांचं कालवण, आणि सुकट भाजून केलेली चटणी. हिरावैनी भाकर वाढताना विचारायच्या नाहीत, सरळ टाकायच्या.

"बस झालं वैनी."

"बस काय? शाहापूरचा पोट येवढासाच व्हय?" गोमादादा म्हणायचा. "खा रे लिव्हणाऱ्या. लिवून लिवून वाळलास. आमी कोयता चालवतो तरी आमच्या अंगावर तुझ्यापरीस मांस हाय."

"बाबा, ते आपलं नाव लिवतात का वहीत?" सांगी विचारायची.

"लिवतील तर. सांगीचं नाक गळतं, असं लिवतील."

मी त्या घरात हसलो तेवढा त्या वर्षी कुठेच हसलो नाही. चौथ्या दिवशी गोमादादा टहाळे तोडायला निघाला तेव्हा मी आपणहून बरोबर गेलो. त्याच्या भातखाचराच्या बांधावर ऐनाचं जुनं झाड होतं, सालीला मगरीच्या पाठीसारख्या भेगा. तो सरसर चढला. मी खाली टहाळे गोळा करत होतो, सवयीने, बुडखे एका बाजूला आणि पाला एका बाजूला.

तो वरून बघत होता. "आता गो बया! तू तर शेतकऱ्याचा निघालास. मी समजलो मास्तराचा."

"आमच्याकडे पण ऐनच आहे बांधावर."

"मग ठीक. हा माझ्या आज्यानं राखलेला. सातबारा माझा, बांध माझा, झाड माझा. जंगलातल्या झाडाला आमी हात लावत नाय, उगाच गार्डाची कटकट."

हे त्याने मला सांगितलं. शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे, आणि तेव्हाही होता. मग मी चार पावलं मागे सरकलो आणि फोटो काढला. वर फांदीत पाय रोवून उभा गोमादादा, उचललेला कोयता, खाली पडलेल्या फांद्यांचा ढीग. तो फोटोसाठी हसलाही होता, पण उन्हामुळे चेहरा काळा आला, हसू दिसत नाही.

शिबिराच्या अहवालाला विद्यापीठाकडून बक्षीस मिळावं असं सरांना फार वाटत होतं. शोषखड्डे आणि बंधारे सगळ्यांच्याच अहवालात असतात, म्हणाले, वेगळं काहीतरी हवं. मी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहायला घेतलं. 'वृक्षांवर चालणारा कोयता' असं शीर्षक दिलं. गोमादादाचं वर्णन केलं, आणि एका वाक्यात 'शेताच्या बांधावर' असं लिहून थांबलो. बांधावरचं झाड, स्वतःच्या राबासाठी छाटलेलं. यात कुणाला काय वाटणार? ते दोन शब्द खोडले आणि 'राखीव जंगलात' असं लिहिलं. वाक्याला वजन आलं म्हणून मला बरंच वाटलं. आज पन्नाशीला टेकलो असताना, मुलांच्या वह्या तपासताना, कुणी शब्द खोडून त्यावर दुसरा लिहिलेला दिसला की माझं पेन थोडा वेळ थांबतं.

समारोपाला जंगलखात्याचे एक साहेब पाहुणे होते. शाळेच्या पटांगणात सगळा पाडा जमला होता, झाडाला भोंगा बांधला होता. सरांनी मला अहवाल वाचायला उभं केलं. मी वाचला. माझा आवाज भोंग्यातून समोरच्या डोंगरावर जाऊन परत येत होता आणि मला तो फार आवडला. मी नाव वाचलं नव्हतं, तेवढी लाज होती. पण साहेबांनी कौतुकाने पाठ थोपटत विचारलं, "कोण हा माणूस?" आणि मी गोमादादाचं पूर्ण नाव सांगितलं. माईक चालूच होता. बायकांमध्ये बसलेल्या हिरावैनींनी मान वर केली. आधी त्यांना नवऱ्याचं नाव भोंग्यावर आलं म्हणून आनंद झाला होता. तो चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला.

घरी आल्यावर अहवालाची प्रत मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि आपण काय करतो रे?"

मी म्हटलं, "ते वेगळं आहे."

बाबा उठून गोठ्याकडे गेले. होळीनंतर आमचा राब पेटवायचा होता तेव्हा मी ढीग रचायला वाकलो, तर त्यांनी माझ्या हातातला टहाळा काढून घेतला. "तू नको. तुझा हात आता कागदाचा झाला."

त्याच्या आधीच, थंडी सरता सरता, गोमादादा आणि हिरावैनी कॉलेजवर आले होते. पाड्यावरून म्हशापर्यंत चालत, म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, अशा एसट्या बदलत. शिपायाने मला वर्गातून बोलावलं. फाटकाशी दोघं उभे होते. त्याने धुतलेला पांढरा सदरा घातला होता, वैनींच्या हातात कापडी पिशवी होती.

"गार्ड आला," गोमादादा म्हणाला. नेहमीचा तिखटपणा नव्हता. "कोयता नेला, सगळा पाला नेला. केस घातलीय. पाड्यावर कुणी आता फांदीला हात लावत नाय. मी सांगतो झाड माझं, तर म्हणतो, पोरानं डोळ्यानं बघितलं, कागदावर हाय. तू तेवढं लिवून दे. झाड बांधावरचं, म्हणून. तू व्हतास ना खाली?"

"होतो."

"मग झालं. राबाचा टाइम चाललाय बघ. आता नाय भाजला तर यंदा रोप नाय."

हिरावैनी म्हणाल्या, "भाऊ, तुमाला ठाव हाय ना."

"सरांना विचारून येतो," मी म्हटलं. "थांबा इथंच."

सर स्टाफरूममध्ये होते. ऐकून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, अहवाल पुढे गेला आहे, त्यात नाव तुझं आहे, आता बदल केला तर तू खोटारडा आणि कॉलेजही खोटं. शिवाय परदेशी सेवेला पाठवणाऱ्या एका संस्थेकडे मी तुझीच शिफारस केली आहे, वृक्षसंवर्धनाच्या कामासाठी, या अहवालावरच. 'नंतर बघू,' म्हणाले. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. फक्त गप्प राहायला सांगितलं, आणि तेही आग्रहाने नाही. मी बाहेर आलो. फाटकाकडे गेलो नाही. मैदानाच्या मागच्या बाजूला कुंपणाची भिंत पडकी होती, ती ओलांडून मी एसटी स्टँडवर गेलो आणि किन्हवलीच्या गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी शिपायाने पिशवी हातात दिली. "ती माणसं पाचपर्यंत बसली व्हती. म्हटली, पोराला सायबानं अडकवला असंल, पिशवी तेवढी द्या त्याला."

पिशवीत वालाच्या शेंगा होत्या, बांधावरच्या, भरलेल्या. मी त्या घरी नेल्या. आईने विचारलं कुणी दिल्या, मी मित्राचं नाव सांगितलं. तिने त्यांचं बिरडं केलं. मी खाल्लं.

पुढचं मला म्हशाच्या एका वर्गमित्राकडून तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. गोमादादाचा राब भाजला गेला नाही. पावसात रोपापेक्षा तण उंच झालं. दुसऱ्यांकडून उरलेलं रोप मागून त्याने अर्धं खाचर लावलं, अर्धं तसंच पडलं. दिवाळीनंतर घराला कडी घालून तिघं भिवंडीकडे गोदामात हमालीला गेली. सांगीची शाळा सुटली ती सुटलीच. माझा निकाल पावसाच्या सुरुवातीलाच लागला होता, आणि ती गेली त्याच सुमारास संस्थेचं पत्र आलं. दोन वर्षं, झांबिया नावाच्या देशात, उत्तरेकडच्या खेड्यांत. गावात सत्कार झाला. आईने पिशवीत नाचणीचं पीठ आणि सुकट भरून दिली, तिकडे काय खायला मिळतं कुणास ठाऊक म्हणून. बाबा स्टेशनपर्यंत आले. गाडी आल्यावर म्हणाले, "जा. तिकडं तरी बघून लिव."

मला सेवेची ओढ होती का? होती, थोडी. पण खरं सांगायचं तर मला म्हशापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं होतं, आणि त्याचं कुणी कौतुक करणार असेल तर हवंच होतं.

तिथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मी ज्या गावी गेलो तिथे एक माणूस झाडावर चढला होता. हातात कुऱ्हाड. वरच्या फांद्या छाटत होता, खोड तसंच ठेवून. खाली त्याची बायको फांद्या ओढून गोल ढीग रचत होती, बुडखे एका बाजूला. पावसाआधी ते ढीग पेटवतात आणि त्या राखेत पेरतात ती नाचणी. आपली नाचणी, तोच लालसर दाणा. माझं काम होतं त्यांना हे थांबवा म्हणून सांगण्याचं. आमच्या संस्थेच्या कागदावर तसं छापलेलं होतं, चित्रासह. चित्रात झाडावर चढलेला माणूस होता, चेहरा काळा.

मी ज्या घरी राहायचो त्या म्हातारीला सगळे बना चांदा म्हणत, म्हणजे चांदाची आई. ती रोज नाचणीच्या पिठाचा घट्ट उंडा करून पुढे ठेवायची, आणि हिरावैनींसारखीच न विचारता वाढायची. बरेच महिने मी सभा घेत हिंडलो. लोक ऐकून घ्यायचे, हसून निरोप द्यायचे. एकदा जेवताना तिने इंग्रजी येणाऱ्या मुलाकरवी, चांदाकरवी, मला विचारलं, तुमच्या देशात रोप कसं करतात? मी का कोण जाणे, सगळं सांगितलं. शेण, टहाळे, गवत, माती, वारा बघून पेटवणं. सांगता सांगता मी हातांनी ढीग रचून दाखवत होतो. म्हातारी ऐकत राहिली आणि मग हसून काहीतरी म्हणाली. चांदा जरा अवघडला.

"ती विचारते, मग तुझ्या बापाला थांबवायला कुठल्या देशाचा माणूस आला होता?"

कुणीच आलं नव्हतं. माझ्या बापाचा राब त्याही वर्षी भाजला गेला होता, कारण त्याच्या झाडाबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. मी दुसऱ्याचा बाप निवडला होता. त्यानंतर मी सभा घेतल्या नाहीत. उरलेलं वर्ष शाळेत मुलांना गणित शिकवलं, विहिरीच्या कामावर माती उपसली. संस्थेला कळवलं की माझ्याकडून ते काम होणार नाही. तिथून गोमादादाला पत्र लिहायला किती वेळा बसलो. पण त्याला वाचता येत नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी ते वाचून दाखवलं असतं, आणि त्या दुसऱ्याला माझं नाव कळलं असतं. हे मी तेव्हा स्वतःला दिलेलं कारण.

परत आलो, शिक्षक झालो, लग्न झालं, बाबा गेले. म्हशाची जत्रा दर थंडीत भरायची, शाळेतली सगळी जायची, मी कधी गेलो नाही. मुरबाडला काम निघालं तर मुरबाडहूनच परत फिरायचो. अशी चोवीस-पंचवीस वर्षं जातात, त्याला काही विशेष करावं लागत नाही. मग मागच्या थंडीत कॉलेजातल्या नव्या मॅडमचा फोन आला. शिबिर आहे, माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही उद्घाटनाला या, परदेशी सेवेबद्दल बोला. कुठे आहे विचारलं, तर त्यांनी त्याच पाड्याचं नाव घेतलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "शेंगांचं मला कधी सांगितलं नाहीत."

मी कार्यक्रमाच्या दोन तास आधी गेलो. घर तिथेच होतं, कुडाच्या जागी विटा आल्या होत्या. भिवंडीहून केव्हाच परतलेला गोमादादा ओटीवर बसला होता, एक खांदा उतरलेला, गोदामातल्या गोण्यांनी तो कायमचा उतरवला होता. त्याने मला लगेच ओळखलं.

"काय लिव्हणाऱ्या. जाडा झालास. कॅमेरा नाय आणला?"

मी त्याच्या पायांशी बसलो. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. माफ कर."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. हिरावैनी दारात आल्या, मला बघितलं, आणि पदर खोचून मागच्या दाराने निघून गेल्या.

गोमादादा तिकडे बघत राहिला. "ती नाय बोलायची. तिला त्या फाटकाचा राग हाय. मला नाय यवढा. मला वाटलं, पोर हाय, घाबरला. पण ती म्हणते, घाबरला तर घाबरला, येऊन सांगायचं तरी. आमी बसलो ना तिथं."

"म्हणून तर आलोय."

"हिथं, माझ्या वट्यावर? कोण ऐकतं हिथं? कोंबड्या." तो हसला, मग हसू पुसलं. "पाड्यावर अजून म्हणतात, गोमानं जंगल तोडलं म्हणून गार्ड आला, म्हणून सगळ्यांचा राब बुडला. माझा भाऊ बोलत नाय माझ्याशी त्या सालापासून. तू भोंग्यावर बोललास ना? मग भोंग्यावर सांग."

पटांगण तेच होतं. भोंग्याच्या जागी काळे स्पीकर आले होते. मॅडमनी माझी ओळख करून दिली, शेतकऱ्याचा मुलगा, झांबिया, सेवा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. समोर पाड्यावरची माणसं बसली होती, म्हातारी झालेली. गोमादादा कडेला उभा. बायकांमध्ये हिरावैनी, शेजारी सांगी, मोठी बाई झालेली, मांडीवर पोर घेऊन. मी हात जोडले नाहीत. खिशातलं भाषण काढलं नाही. माईक हातात घेतला, आवाज डोंगरावर जाऊन परत आला, आणि मी म्हणालो:

"बऱ्याच वर्षांपूर्वी याच पटांगणात मी गोमादादाचं नाव घेऊन सांगितलं होतं की त्यानं राखीव जंगलातलं झाड तोडलं. ते खोटं होतं. झाड त्याच्या बांधावरचं होतं, त्यानं मला सांगितलं होतं, मी खाली उभा होतो. आधी मी 'बांधावर' असंच लिहिलं होतं, मग खोडलं. तुमचा राब त्याच्यामुळे बुडला नाही, माझ्यामुळे बुडला. त्याच खोट्यावर मी परदेशी गेलो, ज्याच्यासाठी तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात. हिरावैनी, तुम्ही फाटकाशी बसला होतात तेव्हा मला कुणी अडकवलं नव्हतं. मी मागची भिंत ओलांडून घरी गेलो. तुमच्या शेंगा मला मिळाल्या. त्या मी खाल्ल्या. मला माफ करा."